रांगेतली राणी

वाघमारे सर कुणाच्याही घरी गेले की आधी भिंतीवरचं कॅलेंडर दुरुस्त करायचे. आमच्या कॅलेंडरवर एक जुनं दरबारी चित्र होतं. बाग, कारंजं, झोपाळ्यावर राणी. चहा येईपर्यंत सरांनी पेन्सिलीनं कारंजं बंद करून टाकलं.

"अहो सर, महिना तरी संपू द्या!" मी म्हणालो.

"हे पाणी शेंदलं कुणी? ती बाई कुठंय चित्रात?" सर ताडकन उठले. "चित्र जुनं हाय, सवाल ताजा हाय!"

आमच्या शाळेत ते चित्रकला शिकवायचे. एका जागी पाच मिनिटं बसणं त्यांना ठाऊक नव्हतं. जेवताना घास हातात घेऊन खिडकीपर्यंत जाऊन यायचे. म्हणायचे, "जुन्या चित्राची नक्कल म्हंजे मुडद्याचा अंगठा घेणं."

लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं आणि विहिरी तळाला गेल्या होत्या. नव्या कचेरीतल्या एका साहेबांना भिंतीसाठी तसलंच शाही चित्र हवं होतं. काम सरांकडे आलं. दोन महिने ते रोज काढत आणि रोज पुसत राहिले. शेवटी एका सकाळी आम्ही दोघांनी ते रिक्षातून नेलं.

साहेबांनी वरचं कापड काढलं. कमानी जुन्या, बागही जुनीच. पण पुढं पाण्याचा टँकर, आणि घागरी घेतलेल्या बायांची ही लांब रांग.

"राणी कुठंय?"

"हाय की. रांगेत. सातवी."

चित्र आल्या रिक्षानं परत आलं.

संध्याकाळी मी सरांच्या खोलीवर होतो, तेव्हा कचेरीत पाणी भरणाऱ्या काशीबाई दारात आल्या. "सकाळी मी माठ भरत होते, तवा बघितलं. राणीच्या पुढची बाई, ती मीच हाय न्हवं, सर?"

सरांनी त्यांना कधी पाहिलंही नव्हतं. आता सरांचा एखादा ताजा सवाल निघणार, म्हणून मी सावरून बसलो. पण सर म्हणाले, "हाव मावशी, तुम्हीच. बसा ना. घाई न्हाई ना? तोंड तेवढं नीट काढायचं राहिलंय."

त्यांना समोर बसवून सर तासभर रंगवत होते. मग काशीबाईंनी वाकून पाहिलं.

"ही मी न्हाई, सर."

सरांनी मागं सरून चित्र बघितलं. "न्हाई. आमची माय निघाली. मी सात वर्षांचा होतो, तवा गेली. फोटूसुदिक न्हाई तिचा." आणि त्यांनी घाईघाईनं पुसायला फडकं उचललं.

काशीबाईंनी त्यांचा हात धरला. "राहू दे रे लेकरा. माय हाय ती. मी थांबते तिच्या मागं. राणीला म्हणावं, जरा सरक."