पाय काढायची जागा

विष्णूनानांच्या कानावर कुठलंही गाणं पडलं, की ते आधी विचारतात, “हे कंच्या कामाचं?” गाणं नुसतं ऐकण्यासाठीही असतं, हे त्यांना मान्यच नाही. पुतण्याच्या हळदीला डीजे लागला, तेव्हा सगळे नाचत होते आणि नाना कोपऱ्यात उभे राहून रिकाम्या हातांनी भात झोडून बघत होते. “झोडणीला चालंल,” म्हणाले, “पर दाणा फुटंल.” सिनेमातलं एक विरहाचं गाणं त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं आणि निकाल दिला, “ह्यावर फार तर मिरच्या खुडाव्या.”

पानशेतच्या रस्त्याला माझी खानावळ आहे. नाना शेजारचेच. रोज सकाळी चहाला येतात. मला सूनबाई म्हणतात आणि माझ्या मिक्सरला बेसूर.

दोन वर्षांपूर्वी, ऐन भातलावणीच्या दिवसांत, पुण्याची चार मुलं दुपारची जेवायला आली. धरणाकडेच्या एका बंगल्यात त्यांच्या रॉक बँडची तालीम चालली होती. गाणारी रेवा, ड्रमवाला ओंकार आणि दोन गिटारवाले. पिठलं येईपर्यंत त्यांनी मोबाईलवर आपलंच नवं गाणं लावलं. नाना त्या दिवशी दुसऱ्यांदा चहाला आले होते. त्यांची बशी तोंडाशीच थांबली.

“हे आमचं लावणीचं गाणं हाय,” ते म्हणाले. “पर म्हननाऱ्याच्या मागं कुत्रं लागलंय का?”

“आम्ही ते रॉकमध्ये केलंय, आजोबा,” रेवा म्हणाली. “वेग वाढवला थोडा.”

“ह्या येगानं लावाल तर रोपं तरंगतील.”

मुलं हसली. नाना हसले नाहीत. चहा संपवून म्हणाले, “जेवून घ्या. मग माज्या खाचरात या.”

मला वाटलं, जाणार नाहीत. पण गेली. मीही मागोमाग गेले, कारण कुणी पडलं तर उचलायला माणूस हवं होतं. नानांनी प्रत्येकाच्या हातात रोपांची जुडी दिली. ओळ म्हणायची, वाकायचं, रोवायचं, एक पाऊल मागे यायचं. पहिल्याच ओळीला ओंकार चिखलात बसला. एका गिटारवाल्याची चप्पल अजून तिथंच आहे.

नानांचं वय पंचाहत्तर, आवाज फाटलेला. पण त्या चिखलात त्यांचं एकही पाऊल चुकत नव्हतं. पाच-सहा ओळी झाल्यावर ओंकार कंबर धरून उभा राहिला.

“आजोबा, प्रत्येक ओळीनंतर तुम्ही थांबता. तिथं काय आहे?”

“तिथं पाय काढायचा असतो.”

ओंकार आपल्या चिखलात रुतलेल्या पायांकडे बघत राहिला. मग रेवाला म्हणाला, “आपण ती जागा भरून टाकली होती.”

मी लहानपणापासून हे गाणं ऐकत आले, पण ती जागा मलाही कधी कळली नव्हती. ज्या कुणी कधीकाळी चाल बांधली, त्यानं ती चिखलाला विचारून बांधली होती.

संध्याकाळी मुलांनी बंगल्यावरून सामान आणून खानावळीच्या पडवीत ते गाणं नव्यानं वाजवलं. ड्रम असा कडाडला की फळीवरची भांडी हलली. ओळ संपली आणि सगळं एकदम थांबलं. तेवढ्या शांततेत चिखलातून पाय निघाल्याचा आवाज आला, असं मला खरंच वाटलं. मग रेवाच्या ओळीला बाकीच्या तिघांनी मागून उत्तर दिलं आणि पुन्हा ड्रम. नाना बाकावर छातीशी हात धरून बसले होते.

“दुखतंय का?” मी घाबरून विचारलं.

“न्हाई. आत वाजतंय.”

गाणं संपलं तेव्हा “ह्यावर व्हईल लावणी,” एवढंच म्हणाले आणि चहा न घेता निघून गेले.

दुसऱ्या दिवशी मुलं निघायच्या वेळी नाना आपल्या मुलानं दिलेला जुना मोबाईल घेऊन आले. रेवाजवळ उभे राहून बराच वेळ टोपी सारखी करत राहिले.

“पोरी, तुमी मागनं जे म्हंता, तेवढंच ह्यात घालून द्याल का? म्होरचं नको. म्होरचं म्या म्हनीन.”

रेवाला कळेना.

“पूर्वी माज्या मागं धा-बारा जण ओळ झेलायचे,” नाना म्हणाले. “चार घरची खाचरं होती. आता तिथं बंगले झाले, मानसं पुण्याला गेली. तीन सालं झाली, म्या मनातच म्हंतो. मोठ्यानं म्हनलं आन् मागनं कुनी बोललं न्हाई, की लई कसंतरी व्हतं.”

रेवानं त्यांच्या हातातला मोबाईल घेतला. ओंकारनं गाडीत भरलेलं सामान पुन्हा खाली काढलं आणि या वेळी मागची ओळ चौघांनी मिळून म्हटली.

पुढे दोन दिवस नाना चहाला आले नाहीत, म्हणून मी भाकरी घेऊन खाचरावर गेले. गळ्यात प्लास्टिकच्या पिशवीत मोबाईल बांधून नाना एकटेच लावत होते. त्यांनी ओळ म्हटली. पिशवीतून पुण्याच्या चार गळ्यांनी उत्तर दिलं. मग शांतता. नाना एक पाऊल मागे आले.

ती मागची ओळ मला येत होती. मी भाकरी बांधावर ठेवली आणि पुढच्या खेपेला चौघांबरोबर म्हटली. नानांनी वळून पाहिलं नाही. त्यांची पुढची ओळ मात्र मोठ्यानं आली.