चार ठोक्यांची शांतता

निरीक्षकसाहेबांनी माळ्यावरून गिटार खाली काढली ती फक्त धूळ पुसायला. (असं ते आजही शपथेवर सांगतात.) दुकानदारांचे तराजू आणि वजनं तपासण्यात त्यांची तीस वर्षं गेली, ग्रॅमभर खोट दिसली की माल जप्त. असा माणूस निवृत्त होऊन घरी बसला की काय होतं, ते त्यांच्या बायकोला विचारा.

गिटार लेकीची. पंधरा वर्षांपूर्वी ती आणि तिच्या दोन मैत्रिणी आतल्या खोलीत पंक रॉक वाजवायच्या, म्हणजे तीन कॉर्ड, भरपूर राग आणि उधळलेला वेग. एक दिवस साहेबांचं डोकं फिरलं, ते नको नको ते बोलले आणि लेकीनं गिटार माळ्यावर टाकली ती कायमची. आता ती परगावी असते. फोन करते, आणि साहेबांनी उचलला तर 'आईला द्या' म्हणते. हे साहेबांना लागतं. फार लागतं.

गिटारच्या खोळीच्या खिशात एक सीडी निघाली. पोरींचं एकच गाणं, एक मिनिट बावन्न सेकंदांचं. साहेबांनी ठरवलं, हे शिकायचं आणि लेक आली की वाजवून दाखवायचं. माफी मागायला जीभ रेटत नव्हती; बोटं तरी रेटतात का बघू.

तारा बदलून देणारा दुकानदार म्हणाला, “साहेब, पंक आहे. थोडं इकडेतिकडे चालतं.”

“किराणावालेही मला हेच सांगायचे!” साहेब कडाडले.

तीन महिने स्टॉपवॉच लावून रियाज झाला. बोटांना फोड आले, फुटले, घट्टे पडले. अडचण एकच. एक मिनिट दहा सेकंदांवर 'धाड्' असा आवाज, मग चार ठोके शांतता, आणि तिथून पुढे गाणं एकदम हळू. (काय डोकं आहे पोरीचं!) तो 'धाड्' काही केल्या जमेना. पातेल्याचं झाकण झालं, पत्र्याचा डबा झाला. शेवटी आतल्या खोलीच्या दारावर मूठ मारली, तर आवाज तंतोतंत! दार बायकोकडे सोपवण्यात आलं.

बायकोनं त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं. “अहो, तुम्हाला खरंच काही आठवत नाही?”

“आठवतं की! एक मिनिट दहा.”

रविवारी लेक आली. साहेबांनी वाजवलं. दार वाजलं, चार ठोके शांतता झाली, गाणं हळू होऊन बरोब्बर वेळेत संपलं.

“बाबा, मध्ये थांबलात कशाला?”

“सीडीत आहे ना तसं.”

“गाण्यात नाहीये ते. आम्ही रेकॉर्ड करत होतो, तेव्हा तुम्ही दारावर मूठ हाणलीत. आम्ही घाबरून थांबलो. मग कसंबसं संपवलं.”

तीन महिने ते स्वतःचाच धाक घोटवत बसले होते. “चुकलो गं,” ते म्हणाले. “मग खरं गाणं कसं होतं?”

लेकीनं गिटार घेतली. बोटं तारांवर ठेवली, उचलली, पुन्हा ठेवली. “नाही आठवत आता,” म्हणाली आणि गिटार खाली ठेवली. ती शांतता कुणी मोजली नाही.

निघताना चपला घालता घालता ती म्हणाली, “पण बाबा, वाजवलंत मात्र अगदी अचूक.”

साहेबांची मान जरा वर झाली.

“फक्त आईचं दार वजनात फार कमी भरलं. तेव्हा वरची बिजागरी निखळली होती.”