काठ कापणाऱ्यांविरुद्ध कोळेकर

रंगनाथ कोळेकर उलटे चालत. कॅमेरा डोळ्याला लागला की त्यांची पावलं मागं पडायला लागत आणि मागं काय आहे, हे पाहण्याची जबाबदारी ते इतरांवर सोडत. एकदा ते असेच एका उपोषणाच्या मंडपात पाठमोरे शिरले आणि थेट उपोषणकर्त्याच्या मांडीवर बसले. उठले तेही चिडूनच. "मान्साला मागं यायला जागा ठेवायची का नाय? अन् वर माझ्याकडंच बघायलेत!"

कोळेकर आमच्या दैनिकाचे फोटोग्राफर होते. घराणं मेंढपाळांचं, वडिलांनी मेंढरं राखली, थोरला भाऊ अजून राखतो. फोटो हाती आला की त्यांचा पहिला प्रश्न असे, "काठ कुठंय?" मधलं काय आहे ते कुणीही बघतं, काठावर काय आहे त्यावर फोटोग्राफर ओळखावा, असं त्यांचं मत होतं. "कळपात मधल्या मेंढरावर ध्यान ठेवून चालतं व्हय? जातं ते काठाचंच जातं."

मी अंकाचं पान लावत असे, जागेत न मावणारा फोटो कापत असे. म्हणजे कोळेकरांच्या हिशेबात मी कापणाऱ्यांपैकी एक.

ती दुष्काळाची सलग वर्षं होती. धरणाचा तळ उघडा पडला होता आणि शहराबाहेर नव्या वसाहतींचे फलक रोज उभे राहत होते. तिथल्याच एका वाडीवर त्यांनी टँकरभोवतीच्या बायकांचा फोटो काढला. उजव्या काठावर नव्या गृहसंकुलाचा फलक होता. त्यावर निळाशार जलतरण तलाव. मला जागा दोन कॉलम मिळाली. फलक गेला. दुसऱ्या दिवशी कोळेकरांनी अंक माझ्या टेबलावर आपटला.

"बाई ठेवली, टँकर ठेवला अन् तलाव कापला! मग मी काढलं काय?"

"जागा दोनच कॉलम होती."

"जागा व्हती. खाली फरसाणाच्या जाहिरातीला लई व्हती!"

जाहिरात खरोखरच मोठी होती.

अशा माणसाच्या आयुष्यात क्रॉप-सेन्सर कॅमेरा आला. फुल-फ्रेम कॅमेऱ्याचा सेन्सर मोठा असतो, क्रॉपचा लहान. तीच लेन्स लहान सेन्सरवर लावली की चित्राच्या चारी कडा बाहेर राहतात, फक्त मधला भाग येतो. म्हणून लांबचं जवळ आल्यासारखं वाटतं. ऑफिसच्या जुन्या फुल-फ्रेमचं शटर अडकायला लागलं होतं. नवा कॅमेरा घ्यायचा ठरला आणि मॅनेजरांनी आठवडाभर चाचणीसाठी एक क्रॉप मागवला. रुंद कोनाची लेन्स कोळेकरांची स्वतःची होती. "भिंग माझं, डोळा ऑफिसचा," असं ते म्हणत. आता ऑफिसचा डोळा बारीक होणार होता.

पहिल्याच दिवशी ते औरंगपुऱ्याच्या गजबजलेल्या बाजारात अतिक्रमणाचा फोटो काढायला गेले. जुन्या कॅमेऱ्यात जे जागेवरून मावायचं, ते आता मावेना. ते मागं सरकले. अजून सरकले. औरंगपुऱ्यात मागं सरकायला जागा नसते, तिथं पेरूची गाडी असते. पेरू रस्ताभर झाले.

"क्या चचा, पीठ को आँखां हैं क्या?" गाडीवाला ओरडला.

"मैं नय गिराया! इस कॅमेरे ने गिराया!" कोळेकरांनी पुरावा म्हणून कॅमेरा त्याच्या नाकापुढे धरला. मग दोघांनी मिळून पेरू गोळा केले. ऑफिसात येईपर्यंत त्यांचा संताप दुप्पट झाला होता आणि खिशात एक पेरू होता.

निर्णयाच्या दिवशी मॅनेजरांनी समजुतीचा सूर लावला. "कोळेकर, सभेत स्टेज लांब असतं. क्रॉपवर आपल्या लेन्स जास्त लांब पोचतात."

"पुढाऱ्याच्या नाकातले केस कुनाला बघायचेत, सायेब?"

"मग क्रॉपसाठी वेगळी वाइड लेन्स घेऊ."

"त्यात काठाची मान्सं ताणतात. डोस्कं भोपळ्यावानी व्हतं."

हे तांत्रिकदृष्ट्या बरोबर नव्हतं. तेवढाच रुंद कोन घेतला तर फुल-फ्रेमवरही डोकी तितकीच ताणली जातात. मी तसं म्हणालो. कोळेकरांनी माझ्याकडे पाहिलंही नाही.

शेवटी मॅनेजर वैतागले. "क्रॉपच येणार. तो वापरा, नाहीतर हा मोडका तुमच्याकडंच ठेवा. ठरवा."

"मोडका," कोळेकर म्हणाले आणि जुना कॅमेरा उचलून चालते झाले.

ऑफिस बरेच दिवस यावर हसलं. त्यांची आणखी एक तऱ्हा आधीपासून चर्चेत होती. एवढा काठ जमवणारा हा माणूस घरच्या फोटोंच्या प्रिंट मात्र पोस्टकार्डाएवढ्याच काढून घेई. लॅबवाला म्हणे, "काका, मान्सं मुंगीएवढी दिसतील." त्यावर ठरलेलं उत्तर: "मुंगीएवढी दिसू दे. पन सगळी दिसू दे."

पुढच्या एका रविवारी फोटो आणायला मी मुकुंदवाडीत त्यांच्या घरी गेलो. स्टेशनमागच्या गल्लीत एक खोली, पुढं टँकरची वाट पाहणारे निळे ड्रम. खोली माणसांनी भरलेली. कोळेकरांच्या बायकोचे, म्हणजे आमच्या वहिनींचे, भाऊ चाऱ्याच्या शोधात मेंढरं घेऊन शहराच्या कडेला उतरले होते, सगळं कुटुंब भेटायला आलं होतं. वहिनी आवाजाच्या दिशेनं मान वळवत होत्या, तरी माझा चेहरा त्यांना चटकन सापडला नाही.

"काचबिंदू हाय," त्या सहज म्हणाल्या. "मधलं तेवढं दिसतं, भवतालचं गेलं. दादाकडं बघितलं की वैनी दिसत नाय, वैनीकडं बघितलं की दादा. समदी घरात बसल्यात, पन मला एकेकच."

मग त्यांनी उशीखालून एक पोस्टकार्डाएवढा फोटो काढला आणि हात लांब करून समोर धरला. हीच खोली, हीच माणसं, आदल्या भेटीची. "ह्यात मातुर समदी एकदमच दिसत्यात. हा दादा, ही वैनी, ही पोरं..." बोलता बोलता त्या थांबल्या. "आवं, दादाचा कोपर कुठंय?"

कोळेकरांनी फोटो हिसकावून घेतला. डाव्या काठाला मेहुण्याचा कोपर खरोखरच अर्धा होता.

"कापलं!" ते ओरडले. पहिल्यांदाच समोर कापणारा दुसरा कुणी नव्हता. "बसा समदे. पुन्हा काढायचा."

मी बाजूला होऊ लागलो.

"तुम्ही कुठं निघाले? काठाला बसा तिथं, दादाशेजारी!"

मी बसलो. कोळेकर मागं सरकत भिंतीला टेकले. मावेना. मग दाराशी सरकून तसेच मागं मागं उंबऱ्याबाहेर गेले. मला ड्रम आठवले आणि मी हाक मारणार होतो.

गरज पडली नाही. बाहेर एका बाईनं बोलता बोलता पायानं आपला ड्रम बाजूला लोटला. सायकल धुणाऱ्या माणसानं मान वर न करता चाक ओढून घेतलं. कुणी हसलं नाही. गल्लीत माणसाच्या रुंदीची एक वाट झाली आणि कोळेकर मागं न बघता त्या वाटेनं गेले.

"आला का काठ?" वहिनींनी आतून विचारलं.

"थांब," ते म्हणाले आणि आणखी एक पाऊल मागं सरकले.