शून्याच्या घरातली झिपरी

एका जंगलात, बाळांनो, झिपरी नावाची साळिंदरीण, तिचा नवरा दगडू आणि त्यांची दोन तान्ही पिलं राहत होती. उन्हाळा असा पेटला की जंगलात एकच पाणवठा उरला.

जंगलचा राजा वाघोबा. त्याने पाणवठ्याला फाटक लावलं आणि शहरात शिकून आलेल्या कावळ्याकडून वेबसाइट करून घेतली. कावळ्याने नावांची ओळ लावली. तिला तो अ‍ॅरे म्हणे. रोज सकाळी लूप सुटे, म्हणजे एकेक नाव पुकारत शेवटापर्यंत जाई. अटही घातली होती: घरी पिलं असतील तर दोन घागरी, नाहीतर एक. नाव पुकारलं की फाटक उघडे.

झिपरीने सगळ्यांच्या आधी नाव नोंदवलं होतं. तरी तीन दिवस तिला हाक नाही. पिलं रडायचीसुद्धा थांबली.

"अगं, जा ना! विचार त्याला," दगडू म्हणाला.

"तुमच्या अंगावरचे काटे काय शोभेला आहेत?" असं म्हणत तीच गेली.

कावळा म्हणाला, "वहिनी, नाव आहे की तुमचं! अगदी पहिलं. आमच्यात मोजणी शून्यापासून. तुम्ही शून्याच्या घरात."

"आणि लूप कुठून सुटतो?"

"एकपासून. सगळं जग एकपासूनच मोजतं!"

"मग मला कोण पुकारणार, मेल्या?"

कावळ्याने चोच खाजवली. "लूप बदलायचा तर समिती बसते. पावसाळ्यानंतर बघू."

"माझ्यामागे कोण आहे रे?"

"राजेसाहेबांचे मेहुणे, बिबटेराव."

"अस्सं! मग माझं नाव काढ आणि शेवटी लाव. त्याला समिती लागते का?"

"छे! एक काढलं की मागचे सगळे आपोआप एकेक घर पुढे सरकतात," कावळा ऐटीत म्हणाला.

दुसऱ्या दिवशी लूप सुटला. सगळ्यांना पाणी मिळालं. बिबटेरावांना नाही.

अशी डरकाळी फुटली की कावळ्याची दोन पिसं जागीच गळाली. समितीचं नावही न घेता त्याने लूप शून्यापासून सोडला.

ओळीच्या शेवटी झिपरीचं नाव केव्हाच पुकारून झालं होतं. दोन घागरी भरून ती घरी आली. पिलं प्याली, दगडू प्याला, उरलेलं ती प्याली. त्या उन्हाळ्यात मग त्या घरात कुणी तहानेलं झोपलं नाही.

तात्पर्य: बाळांनो, चूक दाखवून कुणी सुधारत नाही. ती उचलावी आणि राजाच्या मेहुण्याच्या दारात हळूच ठेवून यावी.