पुढच्या सीझनपर्यंत

मालिकेचा सीझन संपला, की नायक-नायिकेला पुढचा सीझन येईपर्यंत कुणाच्या तरी घरी ठेवतात. गेल्या खेपेला ते कराडात माझ्याकडे होते.

नट आणि नटी आपापल्या घरी जातात, त्यांचा इथे काही संबंध नाही. ठेवायची असतात ती मालिकेतली माणसं, आणि तीही शेवटच्या भागात ज्या अवस्थेत सोडली त्याच अवस्थेत. मालिकेचं नाव सांगायला मला परवानगी नाही. पण ज्यांनी शेवटचा भाग पाहिला त्यांना आठवत असेल: ऋजुता बदली घेऊन नाशिकला निघालेली, हातात बॅग, एक पाऊल दाराबाहेर. निहार जिने चढून धापा टाकत येतो आणि म्हणतो, "ऋजुता, थांब. मला तुला—" आणि फोन वाजतो. तिथेच नावं वर सरकायला लागतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी घोरपडे साहेब त्या दोघांना घेऊन माझ्या दारात उभे. ते प्रलंबित विभागाचे. सफारी घातलेला, मोजकं बोलणारा माणूस. त्यांनी आधी घर पाहिलं, मग मला पाहिलं.

"तुम्ही एसटी स्टँडवर उद्घोषक होतात ना?"

"हो. रिटायर होईपर्यंत."

"म्हणूनच तुमचं नाव आलं. हे वाक्य पूर्ण होता कामा नये. निहार 'मला तुला' म्हणाला, की तुम्ही व्यत्यय आणायचा. तो तुम्ही मुद्दाम आणताय हे त्यांना कळू द्यायचं नाही."

मला हे काम नवीन नव्हतं. फलाटावर निरोप घेणारी माणसं अगदी शेवटच्या घटकेला मुद्द्याचं बोलायला लागतात. पोरगी खिडकीत, आई खाली, आईचं तोंड उघडलं की मी वर माइकचं बटण दाबणार: कराड-चिपळूण फलाट क्रमांक तीनवर उभी आहे. सगळ्या नोकरीत मी किती वाक्यं अर्धी तोडली असतील त्याला गणती नाही. गाड्या मात्र वेळेवर सुटल्या.

तसा मी एकटाच. नागनाथ जंगम, दोन खोल्या, एक गॅलरी. शैलजा जाऊन तीन वर्षं होत आली. ती मालिका तिची. ती गेल्यावर मी बघत राहिलो, कारण त्या वेळी घरात कुणी तरी बोलत असे. बाकी दिवसभर माझ्याच चपलांचा आवाज ऐकायचा. संध्याकाळी शेजारच्या लोंढे वहिनी वाटी घेऊन विरजण मागायला येत, तेवढंच काय ते माणूस. रोज येत. लोंढ्यांना दमा, घरात दही वर्ज्य, तरी रोज विरजण. मी कधी विचारलं नाही. येतात तर येऊ देत.

पाहुण्यांची सवय व्हायला थोडा वेळ लागला. निहार सतत धापा टाकायचा, कारण तो जिने चढून आलेला होता. पहिल्या दिवशी मी त्याला वाफारा दिला, काही फरक पडला नाही. ऋजुता हातातली बॅग खाली ठेवत नसे. जेवताना ती डाव्या हातात, झोपताना उशाशी, मूठ मात्र घट्ट. तिने मान वळवली की ती तीनदा वळायची. पोळी घे म्हटलं तरी तीनदा. आणि दोघांची नजरानजर झाली की कपाटामागून कुठूनसं बासरीचं संगीत सुरू व्हायचं. मी कपाट सरकवून पाहिलं. मागे भिंत होती.

पण घर भरलं, हे खरं. मी तीन माणसांचा भात लावायला लागलो. सकाळी निहार पेपर मोठ्याने वाचायचा, मध्ये श्वास घेत. ऋजुता एका हाताने भाजी निवडायची. गॅलरीजवळच्या शैलजाच्या खुर्चीवर ती कधी बसली नाही. मी काही बोललो नव्हतो, तिचं तिलाच कळलं असावं. आणि दिवसातून एखाददोनदा निहार उठायचा, तिच्यासमोर उभा राहायचा.

"ऋजुता, थांब. मला तुला—"

"निहार, मिठाचा डबा बघ रे वर आहे का," मी स्वयंपाकघरातून म्हणायचो. किंवा गॅसचा नंबर लावायचा असायचा. किंवा माझा चष्मा हरवायचा. त्याचा चेहरा पडायचा, तिचा पडायचा, बासरी बंद व्हायची, आणि आम्ही तिघं जेवायला बसायचो. मला त्यांचं वाईट वाटे. भात मात्र गोड लागे.

एकदा ऋजुताने विचारलं, "काकू शेवटी काय म्हणाल्या हो?"

हे मला कुणीच विचारलं नव्हतं. सांत्वनाला आलेले लोक हार्ट का किडनी तेवढं विचारून गेले.

"'अहो, ते जरा—' म्हणाली," मी सांगितलं. "मी थर्मासमध्ये गरम पाणी ओतत होतो. तेवढ्यात दवाखान्यातल्या मावशी चादर बदलायला आल्या. चादर बदलून होईपर्यंत हिला झोप लागली. मग उठलीच नाही."

"ते जरा काय?"

"तेच कळत नाही ना. कुकरची रिंग बदलून झाली. गॅलरीतला नळ गळत होता, तो केला. बँकेतलं खातं बघितलं. तिच्या बहिणीचं पातेलं आपल्याकडे होतं, ते पोचवलं. पण 'ते' म्हणजे नक्की काय, ते काही लागत नाही."

निहार धापा टाकत म्हणाला, "पुढच्या सीझनमध्ये कळेल, काका." त्याने हे मनापासून म्हटलं. त्याच्या जगात तशी सोय होती.

असेच दिवस जात होते, आणि एका दुपारी घोरपडे साहेब आले. त्या दोघांना त्यांनी गॅलरीत बसवलं, मला आत बोलावलं.

"पुढचा सीझन होणार नाही. लोक आता दुसरं काही बघतात."

"मग यांचं काय?"

"तुमची जबाबदारी संपली. वाक्य पूर्ण होऊ द्यायला आमची हरकत नाही. पूर्ण झालं की ते जातील."

"कुठं?"

"ते आमच्याकडे येत नाही. आमच्याकडे फक्त प्रलंबित."

"आणि मी होऊ दिलंच नाही तर?"

घोरपड्यांना या प्रश्नाचं नवल वाटलं नाही. "तर राहतील. बरेच लोक ठेवतात. विट्याला एका बाईंकडे जुन्या मालिकेतली जोडी आहे. तिघं मिळून बाजाराला जातात. वाक्य अर्ध्यावर आहे, पण चाललंय त्यांचं."

त्यांना चहा दिला. मग धीर करून विचारलं, "साहेब, मालिकेबाहेरची माणसंही ठेवता का तुम्ही? म्हणजे, साधी. वाक्य राहिलेली."

"ठेवतात. तो विभाग वेगळा."

"मग आमच्या हिला कुठं ठेवलं असेल?"

त्यांनी कप खाली ठेवला. "वेगवेगळं ठेवत नाहीत, जंगम. एका घरात दोघं लागतात." त्यांनी एकदा गॅलरीजवळच्या खुर्चीकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. "तिथेही व्यत्ययाला माणूस नेमलेला असतो. कोण ते ठेवलेल्यांना सांगत नाहीत. तुम्ही तरी या दोघांना कुठं सांगितलंत?"

चहा चांगला झाला होता, एवढं म्हणून ते गेले.

त्यानंतरही मी व्यत्यय आणत राहिलो. आता तसा हुकूम नव्हता, तरी आणत राहिलो. निहार उठला की माझं मीठ संपे. खरं सांगायचं तर मला परत एका माणसाचा भात लावायचा नव्हता. वाटी तांदूळ धुताना हाताला काही लागतच नाही, ते ज्याने केलंय त्यालाच कळेल. विट्याच्या बाईंचं चाललंय, तर माझं का चालू नये, असं मी मनाशी म्हणत होतो. त्या दोघांना मालिका बंद झाल्याचंही मी सांगितलं नाही.

मग एके दिवशी संध्याकाळी ऋजुता स्वयंपाकघराच्या दारात आली.

"काका, एक विचारू? ही बॅग खाली ठेवली तर चालेल का? हात भरून आलाय."

मी तिच्या हाताकडे पाहिलं. बोटं पांढरी पडली होती. ती बॅग ठेवायला मी कोण परवानगी देणार? ते वाक्य पूर्ण झाल्याशिवाय ती तिच्या हातून सुटणार नव्हती, आणि वाक्य मी पूर्ण होऊ देत नव्हतो. बाहेरच्या खोलीत निहार धापा टाकत होता. त्या पोराने आल्यापासून एक पूर्ण श्वास घेतला नव्हता.

"मी जरा वाण्याकडे जाऊन येतो," मी म्हटलं.

पिशवी घेतली, दार ओढून घेतलं आणि जिन्यात पायरीवर बसलो. वाण्याकडे काही काम नव्हतं.

आतून बासरी ऐकू यायला लागली. मग निहारचा आवाज आला.

"ऋजुता, थांब. मला तुला—"

आणि तो थांबला. तीही थांबली. दोघंही सवयीने माझी वाट बघत होते. मीठ माझ्या अगदी जिभेवर आलं होतं. मी तोंडावर हात दाबून धरला. इतक्या वर्षांत बटणावरून बोट काढून घ्यायची ही पहिलीच वेळ.

मग निहारने वाक्य पूर्ण केलं. लहानसंच होतं. ते त्यांचं आहे, म्हणून इथे लिहीत नाही. बॅग जमिनीवर ठेवल्याचा आवाज आला, आणि बासरी बंद झाली.

थोड्या वेळाने दोघं बाहेर आले. निहारचा श्वास शांत चालला होता. ऋजुताचे दोन्ही हात मोकळे होते, ती वाकून पाया पडली.

"येतो काका," ती म्हणाली.

"या," मी म्हटलं.

खालच्या वळणावर तिने मागे वळून पाहिलं. एकदाच.

आत आलो. बॅग खोलीच्या मध्ये तशीच होती. उघडून बघितली तर रिकामी. मालिकेतल्या बॅगा रिकाम्याच असतात. मी ती माळ्यावर टाकली आणि कपाट पुन्हा भिंतीला लावलं. तीन माणसांचा भात आधीच शिजला होता, ताटंही मांडून झाली होती.

काहीच सुचेना. टीव्ही लावला नाही. स्टूल ओढून शैलजाच्या खुर्चीसमोर बसलो. खूप एकटं वाटलं, तिला हाक मारावी इतकं. बाहेर दिवेलागण झाली होती. खुर्चीची वेताची बैठक करकरली, कुणी नीट सावरून बसल्यावर करकरते तशी.

"अहो, ते जरा—"

आवाज तिचाच होता. मी पुढे वाकलो.

आणि बेल वाजली.

मी उठलो नाही. बेल परत वाजली. खुर्ची गप्प झाली. मग मी उठून दार उघडलं. लोंढे वहिनी वाटी घेऊन उभ्या होत्या.

"भाऊजी, विरजण मिळंल का थोडं?"

मी त्यांच्याकडे बघत राहिलो. त्यांनी नजर वाटीत घातली. वाटी कोरडी ठणठणीत होती. तिला कधी दही लागलं होतं असं वाटत नव्हतं.

"पाहुणे गेले वाटतं," त्या म्हणाल्या.

"गेले. बोलणं झालं त्यांचं."

"बरं झालं की." त्यांनी माझ्या खांद्यावरून आत खुर्चीकडे एक नजर टाकली आणि आवाज खाली आणला. "तुमचं चाललं असंल काही तर मी थांबते जिन्यात. एखाद्या दिवशी उशीर झाला म्हणून मला कोण विचारत नाही."

पायरी अजून ऊबदार असेल, असं काहीतरी माझ्या मनात आलं. त्या जिन्यात बसल्या, की इकडे वाक्य पूर्ण होणार. माझ्या मागे खोलीत तीन ताटं मांडलेली होती. रिकामी बॅग माळ्यावर होती. वाक्य पूर्ण झाल्यावर घर कसं दिसतं, ते मी नुकतंच पाहिलं होतं.

"नको," मी म्हटलं. "थांबा, विरजण देतो."

वाटीत चमचाभर दही घातलं. त्यांनी पदराने वाटी झाकली.

"उद्या याल ना, वहिनी?"

"येणार की," त्या म्हणाल्या. "याच टायमाला."

दार लावून मी आत आलो. शैलजाच्या खुर्चीसमोर एक ताट ठेवलं, माझं घेतलं, आणि दोघांना भात वाढला.