अंदाजे म्हंजे किती?

वजन वाढतं म्हणून विमानातून पायलटलाच उतरवणारा माणूस अख्ख्या अमरावतीत एकच, आणि तो नेमका माझा शेजारी! गावंडेकाका. पायलट प्लास्टिकचा, अंगठ्याएवढा. विमान रिमोटवरचं, खोक्यातून तयार निघणारं. पण काकांना त्याचं काय? "जमिनीवरून मी चालवतो. मंग हा एकोणीस ग्रामचा पाव्हणा कायले फुकट बसून रायला?" असं म्हणून त्यांनी त्याला चिमट्यानं उचललं आणि देव्हाऱ्याशेजारी ठेवून दिलं.

काका कॉलेजात फिजिक्सच्या लॅबमध्ये होते. तराजू आणि पितळी वजनं सांभाळण्यात जन्म गेला. वजनाला बोट लावलं तर प्राध्यापकांनाही झापायचे. निवृत्तीच्या दिवशी विद्यार्थ्यांनी हे पिवळं विमान भेट दिलं. आम्हाला वाटलं, आता काका ते उडवतील. काकांनी आधी ते काट्यावर ठेवलं.

खोक्यावर अकराशे ग्राम, काट्यावर अकराशे चौऱ्याऐंशी! वर टेप लावली तर डावा पंख उजव्यापेक्षा चार मिलिमीटर लांब. "अबे, एक बाही लांब असलेला सदरा घालून कोनी वरातीत जाईन का?" काकांनी कंपनीला खरमरीत पत्र लिहिलं. उत्तर आलं, 'वजन व मापे अंदाजे आहेत.' झालं! त्या दिवसापासून हा शब्द त्यांच्यापुढे काढायची सोय राहिली नाही. काकू म्हणाल्या, मीठ अंदाजे घातलंय, तर हे लगेच, "अंदाजे म्हंजे किती? आकडा सांग!"

अकोल्याच्या जुन्या शहरातल्या एका वकीलसाहेबांनी असंच तयार विमान घेतलं, तेव्हा काका मांडीवर काटा घेऊन एसटीनं निघाले. मीही गेलो, असा तमाशा कोण सोडतो! वकीलसाहेबांनी नव्या मोटरसारखी विमानाची पूजा केलेली. हार, कुंकू, नाकाला लिंबू-मिरची. काकांनी हार काढला, कुंकू पुसलं ("अर्धा ग्राम!"), पंखाखाली दोन बोटं लावून तोल पाहिला आणि किंचाळलेच, "थांबा! लिंबाले हात लावू नका!" विमान शेपटीकडून जड होतं, लिंबू-मिरचीनं तोल बरोब्बर जमला होता. वकीलसाहेब हरखले. काका मात्र गंभीर. "लिंबू वाळते, वकीलसाहेब. वाळलं की हलकं होते. दर शनवारी ताजं बांधत जा." ते अजून बांधतात, खरंच सांगतो.

पुढे काकांकडे नऊ विमानं झाली, पण लाडकं पिवळंच. ते हातानं हवेत सोडायचा मान काकूंचा. नांदगाव पेठेकडच्या मोकळ्या मैदानावर काकू पदर खोचून चार पावलं पळायच्या आणि विमान असं सोडायच्या की बस्स! मागच्या वर्षी काकूंचं मोठं ऑपरेशन झालं आणि वजन उतरलं छत्तीस किलोवर. "चाळीस भरली की येईन," काकू म्हणाल्या. "आता आली तर विमानाच्या आधी मीच उडीन." काकांनी पिवळं विमान छताला टांगलं आणि कोणाला हात लावू देईनात.

दर रविवारी काकू घरातल्या वजनकाट्यावर उभ्या राहत, आणि काका कंपाउंडवरून मला ओरडून सांगत, "साडेअडतीस! आहेस कुठं?"

एका रविवारी मीही गमतीनं त्या काट्यावर चढलो. आदल्याच दिवशी दवाखान्यात चौसष्ट भरलो होतो, इथे साडेपासष्ट! मला कोण आनंद! काकांचा काटा चुकला! "काका, तुमचा काटा..." एवढंच बोललो, तोच काकांनी माझ्या पायावर पाय दिला आणि ओढत अंगणात नेलं.

"ओरडू नको बे." ते कुजबुजले. "सुरुवातीले दोन किलो मीच वाढवले, खालचा स्क्रू फिरवून. तीन महिने आकडा हलेचना. तिनं भाकर टाकून देली. म्हने, खाऊन काय उपयोग? मंग काट्याले खोटं बोलायले लावलं. दुसऱ्या दिवशी, सांगतो तुले, दोन भाकरी खाल्ल्या तिनं!"

एकेका ग्रामासाठी कंपनीशी भांडणारा हा माणूस!

"आता खरंच वाढून रायली," ते म्हणाले. "जेवढी वाढते, त्याच्या अर्धं खोटं मी मागं घेतो. चाळीस दिसन, तवा काटा खरा पाहिजे. तिले फसवून मैदानात नेनार नाई मी." त्यांनी खिशातून वजनांची वही काढून शेवटचं पान दाखवलं. एकेका रविवारपुढे लिहिलं होतं, काटा किती खोटं बोलला ते. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, त्यात लाज कसली!

गेल्या रविवारी सकाळीच कंपाउंडवरून आरोळी आली, "चाळीस!" मी खुणेनं विचारलं, खोटं किती? काकांनी अंगठा आणि बोट जुळवून शून्य दाखवलं.

दुपारपर्यंत आम्ही मैदानावर. अकोल्याहून वकीलसाहेबही धावत आले. काकूंनी विमानाला कुंकू लावलं, नाकाला जास्वंद बांधली, आणि पिशवीतून तो पायलट काढून जागेवर बसवला. "त्याले बी पाहू द्या वरून." काका हूं की चूं नाही! मग काकूंनी पदर खोचला. एक, दोन, तीन, चार पावलं, आणि सुटलं! गेलं की वर! आम्ही वेड्यासारखे टाळ्या वाजवत सुटलो.

वकीलसाहेबांनी काकांना डिवचलं, "काय गावंडे, फूल, कुंकू, पायलट धरून वजन किती भरलं आज?"

काकांचं विमानाकडे लक्षच नव्हतं. धापा टाकत हसणाऱ्या काकूंकडे ते बघत होते.

"असन ना," ते म्हणाले, "अंदाजे."