भारत दर्शन, टप्पा पहिला, मुक्काम सेलू

माणसाला स्वातंत्र्याची गरज असते, हे आता सर्व स्तरांवर मान्य झालेले आहे. ते मिळाल्यावर ठेवायचे कुठे, याबाबत मात्र अद्याप स्पष्ट सूचना नाहीत. वर्ध्याजवळच्या पिपरी मेघे येथील श्री. प्रेमदास ताकसांडे यांनी ते व्हॅनमध्ये ठेवायचे ठरवले. हा निर्णय सर्वथैव योग्य होता, असे मी शेजारी या नात्याने सुरुवातीलाच नमूद करतो.

प्रेमदासजींनी चौतीस वर्षे एका सरकारी कार्यालयाच्या आवक-जावक विभागात काढली. आलेल्या कागदाला नंबर द्यायचा आणि गेलेल्या कागदाला नंबर द्यायचा, असे ते काम होते. (मधल्या काळात कागदाचे काय होते, हा वेगळा विभाग होता.) निवृत्त झाल्यावर पहिल्याच महिन्यात त्यांनी मोबाइलवर एक व्हिडिओ पाहिला. एक परदेशी जोडपे स्वतः बनवलेल्या व्हॅनमध्ये झोपून उठते, चहा करते, आणि बाहेर समुद्र. प्रेमदासजींनी तो नऊ वेळा पाहिला. दहाव्या वेळी बायकोला बोलावून दाखवला.

भागीरथाबाई अंगणवाडी सेविका होत्या. ‘स समुद्राचा’ हे त्यांनी अंदाजे सहाशे मुलांना शिकवले होते. समुद्र पाहिला नव्हता.

“मले पाहाचा हाय समुद्र,” त्या म्हणाल्या. “व्हॅन नसली तरी चालन. रेल्वे जाते ना जी तिकडं.”

रेल्वे जाते, हे प्रेमदासजींना मान्य होते. परंतु रेल्वे स्वतः बनवता येत नाही.

व्हॅन आंजी गावच्या बंडूजींकडून घेतली. तिने सात वर्षे वांगी, फुलकोबी आणि सांभार, म्हणजे कोथिंबीर, वाहिला होता. गाडीत काही खोट आहे का, असे विचारल्यावर बंडूजी प्रामाणिकपणे म्हणाले, “खोट नाई, सवय हाय. बजार दिसला का थांबते.”

पुढचे चौदा महिने आमच्या गल्लीत ग्राइंडरचा आवाज होता. सगळे काम प्रेमदासजींनी स्वतः केले, कारण व्हिडिओत स्वतः करतात. पलंग व्हॅनपेक्षा सहा इंच लांब झाला, म्हणून व्हॅनचे मागचे दार सहा इंच उघडे ठेवून बांधण्यात आले. सिंक बसले, त्यात ओतलेले पाणी ड्रायव्हरच्या पायाशी निघे, पण निघे. मग कूलर. वर्ध्यात उन्हाळ्यात कूलरशिवायचे स्वातंत्र्य सकाळी अकरापर्यंतच टिकते, त्यामुळे घरातला मोठा कूलर टपावर चढला. हवा खेळायला एका बाजूला चौकोनी खिडकी कापली आणि तिला खाली पडणारी फळी लावली, चहाचे कप ठेवायला. आत निरोप-समारंभात मिळालेली खुर्ची, तिच्या पाठीवर पांढरा टॉवेल. (चौतीस वर्षे टॉवेलला टेकलेली पाठ नुसत्या खुर्चीला टेकत नाही. यावर संशोधन व्हायला हवे.) गाडीला पांढरा रंग दिला आणि निळ्या अक्षरांत लिहिले: ‘भारत दर्शन – टप्पा १’.

एप्रिलमधल्या एका सकाळी गल्लीने जय भीम करून दोघांना निरोप दिला. पोळ्या आणि तिळाची चटणी मांडीवर घेऊन भागीरथाबाई पुढे बसल्या. पंधरा मिनिटांनी त्यांनी बाहेर पाहिले.

“काऊन जी, समुद्र तर मुंबईकडं हाय. तुमी नागपूरकडं काऊन चालले?”

“चाचणी हाय हे. सेलूपर्यंत जाऊ अन् परत फिरू. गाडी उलट्या दिशेनं कशी चालते, हे आधी पाहा लागते.”

भागीरथाबाईंचे लग्न सरकारी कर्मचाऱ्याशी झाले होते. त्यांनी चटणीचा डबा उघडला.

सेलूला त्या दिवशी आठवडी बाजार होता. मैदानाच्या कडेला व्हॅन थांबली. प्रेमदासजींनी किल्ली सतरा वेळा फिरवली, मग बंडूजींना फोन केला.

“बजार हाय का तिथं?” बंडूजींनी विचारले.

“हाय.”

“मंग आज नाई होत ते सुरू. उद्या होईन.”

तेव्हा प्रेमदासजींनी कूलर लावला, खिडकीची फळी पाडली, चहा ठेवला आणि टॉवेलला टेकून बसले. स्वातंत्र्याचा हा पहिला दिवस. तो अंदाजे बारा मिनिटे चालला.

यशोदाबाई नावाची शेतकरीण भाजी विकायला आली होती. तिच्या पिशवीत विहिरीवरच्या मोटारीच्या कनेक्शनचा अर्ज तीन वर्षांपासून होता. तिने पांढरी गाडी पाहिली, खिडकी पाहिली, खिडकीतून टॉवेल पाहिला.

“ही कोणती योजना हाय जी?”

“भारत दर्शन,” प्रेमदासजी म्हणाले. ते खरेच होते.

“मंग हे इथंच द्याचं ना, साहेब?”

चौदा महिन्यांत त्यांना कोणी साहेब म्हटले नव्हते. (एकदा दूधवाला म्हणाला होता, पण तो मागच्या माणसाला.) त्यांना सांगायचे होते, बाई, ही माझी फिरायची गाडी आहे. तोंड उघडलेही. पण तोवर हाताने कागद घेतला होता, पेन काढले होते आणि कोपऱ्यात लिहिले होते: आवक क्रमांक १. त्यांनी चिठ्ठीवर पोच लिहून दिली. यशोदाबाईने ती उलटसुलट पाहिली, कपाळाला लावली आणि कमरेच्या पिशवीत ठेवली. तीन वर्षांत तिला कोणी काही परत दिले नव्हते.

ती वळली तर मागे दोघे उभे होते. ते कशासाठी उभे होते, हे त्यांनाही ठाऊक नव्हते. पुढे कोणीतरी उभे आहे, एवढी माहिती त्यांना पुरेशी वाटली. दुपारपर्यंत एक्केचाळीस जण झाले. काहींच्या मनात अजून शंका होती. पण दोन वाजता प्रेमदासजींनी कोणाकडेही न बघता धाडकन फळी वर केली आणि जेवायला बसले, तेव्हा हे सरकारी कार्यालय असल्याची सर्वांची खात्री पटली.

दुसऱ्या दिवशी व्हॅन पहिल्याच किल्लीत सुरू झाली. बाहेर साठ माणसे होती. प्रेमदासजींनी ती बंद केली.

“अजी, समुद्र?” भागीरथाबाईंनी विचारले.

“येवढे लोक सोडून कसं जावं? समुद्र काय पळून चालला?”

“म्हंजे नाई जाचं?”

“नाई असं नाई. विचाराधीन हाय.”

अकरा दिवसांत तीनशे बारा अर्ज आले. ते पलंगाखाली मावले, तितके मावले. उरलेले सिंकमध्ये लावण्यात आले. त्यांपैकी सत्तेचाळीस कामे झाली. कशी, ते कोणालाही सांगता येत नाही. अर्ज दिला म्हणून लोक निश्चिंत झाले आणि निश्चिंत झाल्यावर त्यांनी ती स्वतःच करून टाकली, असा एक अंदाज आहे. हे प्रमाण पंधरा टक्के होते, आणि याहून जास्त प्रमाण मला तरी माहीत नाही.

असे कार्य लपून राहत नाही. बाराव्या दिवशी तक्रार झाली. गाडी बेकायदेशीर आहे अशी नव्हे. खिडकी वीस मिनिटे उशिरा उघडते अशी. वरच्या कार्यालयाने (कशाच्या वरच्या, हे पत्रात नव्हते) चौकशी अधिकारी पाठवले. बाहेर चव्वेचाळीस अंश होते. अधिकारी कूलरसमोर बसले आणि एक तास दहा मिनिटांनी त्यांनी विचारले, “हे कार्यालय सुरू करण्याचा आदेश?”

“नाई,” प्रेमदासजी खरे बोलले.

“बंद करण्याचा?”

“तोही नाई.”

अधिकाऱ्यांचा चेहरा उजळला. त्यांनी अहवालात लिहिले: ‘सदर कार्यालय अस्तित्वात नसल्याचा कोणताही पुरावा आढळून आला नाही.’ आठवड्याभरात आदेश आला, की हे फिरते कार्यालय लोकहितास्तव एका जागी कायम करण्यात येत आहे. सबब त्याची चाके काढून घ्यावीत. प्रेमदासजींनी त्याला आधी आवक नंबर दिला, मग वाचला. चाके गेली. व्हॅन विटांवर बसली.

भागीरथाबाई त्या विटांकडे बराच वेळ पाहत होत्या. मग नवऱ्याच्याच टेबलावरचा एक कागद घेऊन त्या खाली उतरल्या, मागे गेल्या आणि रांगेत उभ्या राहिल्या. दोन तास, उन्हात. नंबर आल्यावर त्यांनी कागद फळीवर ठेवला. ‘विषय: समुद्र पाहण्याबाबत.’

प्रेमदासजींनी वर पाहिले. “तू कायले रांगेत लागली?”

“नंबर द्या जी. मागं लोक उभे हायत.”

त्यांचा हात प्रथमच थांबला. पण मागे खरेच लोक उभे होते. त्यांनी लिहिले: ३८८. पोच दिली.

“पोच म्हंजे मंजुरी नाई, बरं का,” ते हळूच म्हणाले.

“मंजुरी कोणाले पाहिजे? मी तं फक्त कळवून राह्यली.”

शेजारी यशोदाबाई भाजी लावून बसली होती. तिने टोपले बाजूला बसलेल्या जाऊबाईच्या पुढ्यात सरकवले. “थांबा, मी बी येतो.”

दोघी बसने वर्ध्याला आणि तिथून रेल्वेने गेल्या. तिसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत फोन आला.

“दिसला का?” प्रेमदासजींनी विचारले.

“दिसला. लय मोठा हाय जी. नजर जाते तिथवर पाणीच पाणी. यशोदाबाई कमरेपर्यंत गेली, बाहेर येऊनच नाई राह्यली.”

“अन् तू?”

“मी आधी रडली. मंग भेळ खाल्ली.” वाऱ्याच्या आवाजातून पुढचे वाक्य आले. “तुमी पाह्यजे होते.”

“परत कवा येतं?”

“विचाराधीन हाय,” भागीरथाबाई म्हणाल्या आणि हसल्या. मग त्यांनी फोन लाटांकडे धरला. “ऐका.”

प्रेमदासजींनी ऐकले. डोळे मिटून, टॉवेलला न टेकता ऐकले. त्या दिवशी खिडकी अठ्ठावीस मिनिटे उशिरा उघडली, आणि तीही लोकांनी फळी वाजवली म्हणून.

हा सारा प्रकार काही वाचकांना हास्यास्पद वाटेल, याची मला कल्पना आहे. हसण्याची मुभा आहे. हरकत असल्यास ती लेखी स्वरूपात, सेलू येथील मैदानाच्या कडेला, अकरा ते दोन या वेळेत स्वीकारली जाईल. आणि हे वाचताना ‘झेरॉक्स किती जोडायच्या?’ असा प्रश्न तुमच्या मनात येऊन गेला असेल, तर तुम्ही रांगेतच आहात. कृपया एक पाऊल पुढे सरका. मागचे खोळंबले आहेत.